धुकावणं चूक कसं?

माझी भाची पाचवीत आहे. इथल्याच एका निबंध स्पर्धेत तिनं लिहिलं, 'डिसेंबरच्या सकाळी राजवाडा धुकावला होता.' आज वही परत आली. 'धुकावला'भोवती लाल गोल आणि शेजारी शेरा : असा शब्द नाही, हिंदीचा प्रभाव.

हिंदीचा? इंदूरचं पोर दिसलं की हा शेरा तयारच असतो का? हिंदीत 'कोहरे से ढका' म्हणतात हो!

डोळे पाणावतात, वेग मंदावतो, रस्ता रुंदावतो, माणसं दुरावतात. नाम किंवा विशेषण घ्यायचं, त्याला 'आव' जोडायचा, क्रियापद तयार. व्याकरणात याला नामधातू म्हणतात. पोरीनं धुक्याचं तेच केलं. शिकवलं कुणी नव्हतं, कान तयार होता. संस्कृतातही पुत्रापासून 'पुत्रीयति' होतं, म्हणजे स्वतःला मुलगा हवासा वाटणं. पाणिनीनं असले प्रत्यय सूत्रांत बांधून ठेवलेत. आणि आमच्या पोरीला लाल गोल!

बरं, हिंदीतही शरमाना, हथियाना आहेतच. 'फिल्म'चं 'फिल्माना'सुद्धा त्यांनी केलं. आणि परीक्षकाला कुठेतरी रेघ ओढावी लागते, तेही मान्य. पण कोशात नाही म्हणून चूक?

आमची आजी रामबागेत राहायची. होळकरांच्या काळातलं घराणं, बाजारात हिंदी, घरात मराठी. दारचं भटकं मांजर पहिल्यांदा मांडीवर आलं तेव्हा ती म्हणाली, 'माणसाळलं गं.' एका शब्दात सगळं आलं. हात हाताळतो, लाथ लाथाडते, डोकं डोकावतं, दूध फेसाळतं, हे सगळं आम्ही तिच्या तोंडून ऐकत मोठे झालो. आता आम्हीच 'स्वीकारलं' सोडून 'स्वीकार केला' म्हणतो, 'हाताळलं' सोडून 'हँडल केलं'. जिथंतिथं करणं. त्यावर मात्र कुणी लाल गोल काढत नाही.

पोरगी संध्याकाळी हळूच म्हणाली, 'मावशी, मी पुढच्या वेळी सोपं लिहीन.' तेव्हापासून जिवाला चैन नाही. सोपं कशाला लिहायचं? मी तिला म्हटलं, तू धुकावच. गुण गेले तर जाऊ देत.

उद्या आयोजकांकडे जाणार आहे. बक्षीस नकोय, 'हिंदीचा प्रभाव' तेवढं खोडून हवंय. आणि तुमच्या घरात, आई-आजीच्या तोंडी असे शब्द असतील तर खाली लिहा. माळव्यात मुरलेले तर नक्कीच. वही घेऊन जाणारच आहे, त्यांच्यासमोर यादीही ठेवीन.