पायाळू नायिका आणि ‘एक आई’ यांची प्रतिक्रिया

ताई, नमस्कार.

नाव न लिहिता तुम्ही ‘एक आई’ अशी सही केलीत, म्हणून ताईच म्हणते. तुमची प्रतिक्रिया वाचून त्याच रात्री एक उत्तर खरडलं होतं. सकाळी चहा घेताना परत वाचलं, तर नुसता फणकारा. ते पुसलं. हे दुसरं.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी: क्रिस्टिन कशोर या अमेरिकन लेखिकेच्या ‘ग्रेसलिंग’ मालिकेवर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. ते वाचून ताईंच्या अकरावीतल्या मुलीने पहिली दोन पुस्तकं मागवली आणि चार दिवसांत फस्त केली. मग ताईंनी ती वाचली. त्यांचं म्हणणं असं. या नायिकांना सगळं जन्मतःच मिळालेलं, कमवायला काही नको, मग मुलींनी यातून घ्यायचं काय? ‘लग्न नको पण बाकी सगळं हवं’ ही कसली नायिका? दुसऱ्या पुस्तकात पाळीचा विषय सारखा सारखा कशाला? आणि शेवटी, ‘तुम्हाला एकही दोष दिसला नाही, तर हे परीक्षण होतं की जाहिरात?’

हा शेवटचा टोला बसला. तो शेवटीच घेते, कारण तिथे मला चूक कबूल करायची आहे, आणि त्याआधी थोडं भांडून घेतलेलं बरं. (पुस्तकं वाचायची असतील त्यांनी इथेच थांबा, पुढे स्पॉयलर आहेत.)

ताई, मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, आई आणि सुईण दोघींच्या नाकी नऊ आणले. त्या पराक्रमामुळे आजोळच्या गावात माझ्या पायाला भाव आला. कोणाची उसण भरली की भल्या पहाटे दारात हाक, ‘पोरगी उठली का?’ मला अर्धवट झोपेत ओसरीवर आणायचे. तिथे घोंगडीवर कोणीतरी बाप्या पालथा पडलेला, अंगाला तेलाचा वास. आजी माझा दंड धरून उभी राहायची आणि मी डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेला लावायची, तीनदा. सहा-सात वर्षांची होते. त्या पाठीचा गिळगिळीत स्पर्श अजून टाचेला आठवतो. बरं वाटलं तर लिमलेटची गोळी मिळायची, नाही वाटलं तर ‘हिच्या पायाचा गुण उतरला वाटतं’ हे ऐकायला मिळायचं. पावसाळ्यात ढग गडगडले की मला अंगणातून उचलून आत कोंडायचे, पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. एकदा परगावचा एक माणूस आला. त्याला उसणबिसण काही नव्हती. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, पोरीला एका अमावास्येपुरती नेतो म्हणाला. आजीने त्याला पायरी चढू दिली नाही. त्या दिवसापासून गावकऱ्यांसाठीही माझा पाय बंद झाला.

आता तुमचाच प्रश्न मी मला विचारते: त्यात मी काय कमावलं होतं? काहीच नाही. पण त्यात माझं तरी काय होतं? पाय माझा, हक्क गावाचा.

पहिल्या पुस्तकाची नायिका कात्सा, तिची गोष्ट मी हे सगळं डोक्यात घेऊन वाचली. ‘ग्रेसलिंग’ २००८ साली आलं. त्यातल्या सात राज्यांत ज्याला एखादी ‘ग्रेस’, म्हणजे जन्मजात असामान्य कौशल्य, असते त्याचे दोन डोळे दोन रंगांचे होतात, जन्मानंतर काही आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा. सातपैकी सहा राज्यांत असं मूल राजाच्या मालकीचं. गुण बिनकामाचा निघाला, समजा झाडावर भराभर चढता येणं एवढाच, तर पोराची घरी रवानगी, आणि मग शेजारीपाजारी जन्मभर नजर चुकवणार. कात्साचा एक डोळा निळा, एक हिरवा. आठ वर्षांची असताना दरबारात आलेला एक दूरचा नातेवाईक तिच्याशी लगट करायला गेला आणि तिच्या एका फटक्यात मेला. झालं, सगळ्यांनी ठरवून टाकलं, हिचा गुण मारण्याचा. तिला वाढवणाऱ्या राजाने, तोही घरचाच, तिला कुत्र्यासारखं माणसांवर सोडलं. याचा हात मोड, त्याला धडा शिकव. दरबारात कोणी तिच्या डोळ्याला डोळा देत नाही.

तिची कमाई इथून सुरू होते. राजाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं ही एक. दुसरी मला जास्त मोठी वाटते. एका लहान मुलीला घेऊन बर्फाचा डोंगर ओलांडताना तिला हळूहळू उमगतं की आपला गुण मुळात मारण्याचा नाहीच, तगून राहण्याचा आहे. थंडीत, भुकेत, श्वापदासमोर, कसंही. लोकांनी आठव्या वर्षी चिकटवलेली चिठ्ठी काढून खाली काय लिहिलंय ते वाचायला तिला अख्खी कादंबरी लागते. याला तुम्ही ‘आयतं’ म्हणता?

इथे माझीही एक चूक. मागच्या लेखात मी ‘ग्रेस’ला ‘देणगी’ म्हटलं होतं आणि तुमचा निम्मा गैरसमज त्या शब्दाने केला असणार. देणगी म्हटलं की देणारा आला, पावतीपुस्तक आलं. आपल्या कथांतल्या वरालाही देणारा असतोच, कोणी ऋषी, कोणी देव, आणि वराबरोबर त्याची एखादी अट. कशोरच्या जगात देणारा कोणी नाही. ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ म्हणतो तो ‘गुण’च बरा होता. शिवाय गुण उधळताही येतात.

तिथला सगळ्यात भयंकर गुण एका राजाचा आहे. त्याचं नाव लेक. (खलनायकाचं नाव ‘लेक’, मराठीत लिहिताना हसू येतं, पण त्याला इलाज नाही.) तो जे बोलेल ते ऐकणाऱ्याला खरं वाटतं, आणि ऐकणारा ते पुढे दुसऱ्याला सांगतो तेव्हाही विष टिकून राहतं. फॅमिली ग्रुपवर असलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

लग्नाचं. इथे मी तुम्हाला पटवू शकणार नाही, पण कुठे बसून वाचलं ते सांगते. माझ्या कांदेपोह्यांच्या एका कार्यक्रमात मुलाची आई, बाई खरंच सज्जन होत्या, म्हणाल्या, ‘आमच्याकडे सुनेला पूर्ण मोकळीक आहे हो. नोकरी कर म्हणावं, ड्रेस घाल म्हणावं, माहेरी जा म्हणावं.’ माझी आई हरखली. मी पोह्यांतला शेंगदाणा चघळत विचार करत होते, ही मोकळीक ठेवतात कुठल्या कपाटात आणि किल्ली कोणाकडे असते? ते स्थळ पुढे सरकलं नाही. नंतर मी लग्न केलं, सुखात आहे, तेव्हा लग्नाविरुद्ध माझी काही मोहीम नाही.

कात्सा नेमकी त्या किल्लीपाशी अडते. तिचं ज्याच्यावर प्रेम बसतं तो पो हा सातांपैकी लिनिड या राज्याचा राजपुत्र, चांगला आहे, तिला अडवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण बायको झाल्यावर मिळणारं स्वातंत्र्य त्याने दिलेलं असेल, आणि जो देतो त्याला ते काढूनही घेता येतं. पो देवमाणूस निघाला म्हणून हिशोब बदलत नाही. तिला मूलही नको आहे आणि पुढे ‘मन बदललं’ वगैरे होत नाही, लेखिकेने ती पळवाट ठेवलेली नाही. ‘बाकी सगळं हवं’ म्हणाल तर हो, हवं. ती ते लपवत नाही, त्याला फसवत नाही, दिवस जाऊ नयेत म्हणून औषध घेते. तुमच्या मुलीने यातून ‘लग्न करू नये’ एवढंच उचललं असेल तर वाचन घाईचं झालं. पण उद्या कोणी तिला ‘मोकळीक देऊ’ म्हणालं आणि ती क्षणभर थबकली, तर पुस्तकाचे पैसे वसूल.

तसं प्रेमकथा म्हणून मला दुसरं पुस्तक, २००९ चं ‘फायर’, जास्त भावलं. फायरला दुसऱ्याच्या मनात शिरता येतं, ते वळवताही येतं. शिवाय तिचे केस ज्वाळेच्या रंगांचे, आणि रूप असं की बघणाऱ्याचा तोल जातो. कोणी वेडं होतं, कोणी हिंसक. म्हणून ती केस बांधून झाकून फिरते. पुण्यात दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधणाऱ्या मुलींना हे वेगळं सांगावं लागणार नाही. तिच्या बापाकडे हीच शक्ती होती आणि त्याने एका राजाला आणि त्याबरोबर राज्याला नासवलं, म्हणून ती स्वतःलाच भिते. अशा बाईने प्रेम करायचं कसं? समोरचा आपल्यावर भाळला की आपण त्याला भाळवलं, हे कळणार कसं? ब्रिगन हा सेनापती तिच्यासमोर मनाची कवाडं घट्ट लावून उभा राहतो. आधी तिला त्याची भीतीच वाटते, कारण तो तिचा उघड तिरस्कार करतो. पण पुढे ज्या मनात आपल्याला शिरताच येत नाही, त्याच्याच जवळ ती निर्धास्त होते. एक दिवस तो दार आपणहून किलकिलं करतो. त्या जागेपुढे त्यांची चुंबनं मला अगदी फिकी वाटली.

आणि त्याच पुस्तकातली पाळी. आमच्या घरी ‘कावळा शिवला’ म्हणायचे. तुमच्याकडेही म्हणत असतील. मी पाचवीत असेपर्यंत मला खरंच वाटायचं की काकूला दर महिन्याला एक कावळा गाठतो, आणि मी गच्चीवर कावळ्यांपासून लांब पळायचे. ‘फायर’मध्ये रंगीत, देखणे, मांसभक्षक पक्षी आहेत, त्यांना तिच्या रक्ताचा वास लागतो. म्हणजे कशोरने कावळा खराच करून टाकला की! फरक एवढाच की इथे फायर विटाळशी म्हणून कोपऱ्यात बसत नाही. ती धोक्यात असते, तिला त्या दिवसांत जास्त जपावं लागतं, म्हणून तिच्या राखणदारांना ते माहीत असावं लागतं. तिला वैताग येतो, पोट दुखतं, आणि गोष्ट पुढे चालू राहते. हाणामाऱ्यांच्या इतक्या कादंबऱ्या वाचल्या, नायिका महिनोन्महिने घोड्यावर, पण हा प्रश्न कोणाला पडलेला मला आठवत नाही. तुम्हाला ते सारखं सारखं वाटलं. ताई, ते असतंच सारखं सारखं.

आता दोष.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे पोची दृष्टी जाते. पण त्याच्या गुणामुळे त्याला आजूबाजूचं सगळं जाणवत राहतं, इतकं की तो आंधळा आहे हे तो लोकांपासून लपवू शकतो. मला हे खटकलं होतं. लेखात मी ते लिहिलं नाही, कारण लेख छान जमला होता आणि हा परिच्छेद कुठे बसेना. जाहिरात म्हणालात ते याच अर्थाने खरं आहे.

खटकण्याचं कारण सांगते. नववीत असताना मी दहावीच्या एका अंध मुलाची लेखनिक म्हणून बसले होते. पेपर सुरू व्हायच्या आधी बाकावर बोलताना मी मोठ्या शहाणपणाने विचारलं, ‘तुम्हाला म्हणे कान फार तीक्ष्ण असतात, निसर्ग भरपाई करतो?’ तो म्हणाला, ‘भरपाई कसली? मी लक्ष देतो. तूही दे, मघाशी प्रश्न अर्धाच वाचलास.’ सरावाच्या प्रश्नाबद्दल बोलत होता, आणि खरंच मी अर्धा वाचला होता. पोच्या बाबतीत लेखिकेने तीच भरपाई जादूने करून टाकली. म्हणजे माणूस आंधळा राहून पुरा असू शकत नाही, त्याला गुपचूप डोळे परत द्यावे लागतात.

कशोरला हे वाचकांनी दाखवून दिलं आणि तिने ते झटकून टाकलं नाही. २०१२ साली आलेल्या ‘बिटरब्लू’च्या ऋणनिर्देशात तिने स्वतःच लिहिलं आहे की पोला अपंगत्व देऊन त्यावर जादूचा उपाय करणं ही आपली चूक झाली, ते अपंग व्यक्तींचा अनादर करणारं आहे आणि दोष आपला एकटीचा आहे. पुस्तक बदलता येत नव्हतं, निदान कबुली छापली. ती कबुली माझ्याकडच्या प्रतीत होती, मी वाचलेली होती, आणि तरी माझ्या लेखात नव्हती. मूळ लेखात आजच हा परिच्छेद घातला आहे, वर तारीख टाकून.

आणखी एक, जो तुम्ही काढला नाहीत पण मला आधीही दिसला होता: कात्साला झगे नकोत, लांब केस नकोत, नटणंमुरडणं नको, आणि पहिल्या पुस्तकात याचा सूर कुठेकुठे ‘ही बाकीच्या पोरींसारखी नाही’ असा लागतो. नटणाऱ्या बायका जणू कमी. पुढच्या पुस्तकांत हा सूर बराच निवळला, पण पहिल्यात आहे.

तुम्ही विचारलंय, तिसरं पुस्तक द्यावं का? ‘बिटरब्लू’ची नायिका जन्मतः कोणताही गुण नसलेली आहे, तुमच्या पहिल्या आक्षेपाला तेवढंच उत्तर पुरलं असतं. ती लेकची मुलगी (आता हे वाक्य बघा!), अठरा वर्षांची राणी, बाप मरून आठ वर्षं झालेली. त्याने पस्तीस वर्षं लोकांच्या डोक्यात खोटं भरलं, आणि अत्याचार करून ते विसरायला लावले. ही पोर रात्री वेश पालटून शहरात फिरते, दिवसा कागदांचे ढीग उपसते, सांकेतिक लिपी सोडवते, आणि काय घडलं ते शोधते. प्रेम आहे, पण ते थोडं कडेला. मात्र त्या राजाने केलेलं जे बाहेर येतं ते फार जड आहे, लैंगिक अत्याचारही आहेत. मी पस्तिशीत वाचलं आणि दोनदा मिटून ठेवलं. सोळा वर्षांच्या मुलीने वाचूच नये असं मी म्हणणार नाही, एकटीने वाचू नये एवढं म्हणेन. तुम्ही वाचताय असं दिसतंच आहे, तर पाठोपाठ वाचा.

माझी प्रत हवी असेल तर मेल करा, पाठवते. समासात पेन्सिलीने बरंच भांडण लिहिलेलं आहे. तुमचं शाईने लिहिलंत तरी चालेल, फक्त पानं दुमडू नका.