हिरव्याचं पांढरं करण्याचा नसता उद्योग

कॅमेरा बनवणारी मंडळी सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, पुढ्यात काचेचा एक पातळ तुकडा बसवतात. अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाला दारातूनच परत पाठवायचं, एवढंच त्याचं काम. सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींपर्यंतचं दिसतं. आपल्या डोळ्यांची धाव ७०० च्या आसपास संपते. मधला सगळा मामला आत येऊ दिला तर रंग बिघडतात आणि चित्राची धार बोथट होते. म्हणून हा पहारेकरी. रंगीत इन्फ्रारेड फोटोग्राफी म्हणजे कंपनीने मुद्दाम नेमलेल्या या पहारेकऱ्याची नजर चुकवून नेमका तोच प्रकाश आत घ्यायचा आणि वर त्याचे रंग धड आले नाहीत म्हणून कपाळाला हात लावायचा. याहून सोपे छंद जगात आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

पहारेकरी ढिला असला तर काय होतं, याचा दाखला २००६ सालच्या लायका एम८ने दिला. त्यातली ही काच इतकी पातळ होती की काळे कृत्रिम धाग्याचे कपडे फोटोत जांभळट यायला लागले. शेवटी कंपनीने मालकांना लेन्सवर लावायला दोन-दोन फिल्टर फुकट दिले. आपल्या पंथातल्या लोकांना मात्र त्या कॅमेऱ्याचं भारी कौतुक. ज्या दोषापायी बाकीचे हैराण, तोच दोष शोधत आम्ही जुने कॅमेरे धुंडाळतो.

एक गैरसमज सुरुवातीलाच निकालात काढलेला बरा. इन्फ्रारेड म्हटलं की लोकांना वाटतं, अंधारात माणसं लाल-पिवळी होऊन चमकतील आणि कोणाला ताप आहे तेही कळेल. आपल्या अंगातून निघणारी उष्णता साधारण १०,००० नॅनोमीटरच्या आसपासची. आपला सेन्सर ११०० लाच दम टाकतो. आपल्याला हवा तो सूर्याचा, पानांवरून परत आलेला प्रकाश. त्यामुळे ऊन नाही तर फोटो नाही. तेही सकाळचं कोवळं वगैरे नको, भर दुपारचं रणरणतं हवं. फोटोग्राफीच्या शिकवणीत ज्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवा म्हणतात, ती आमची कामाची वेळ.

आता पानं पांढरी का होतात ते. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश गिळून टाकतं, पण ७०० च्या पलीकडच्या प्रकाशाला ते जवळजवळ पारदर्शक असतं. हा प्रकाश पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यात इकडून तिकडे आपटत बराचसा परत बाहेर येतो. याला ‘वुड इफेक्ट’ म्हणतात. झाडांच्या लाकडाशी याचा काही संबंध नाही. १९१० मध्ये इन्फ्रारेड छायाचित्रं प्रसिद्ध करणारे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांचं ते आडनाव. झाडांच्या बाबतीत असं आडनाव निघावं हा योगायोग, पण दर नवशिक्याला तो समजावून सांगण्यात अर्धं आयुष्य जातं. आकाश काळपट येतं, कारण हवा लांब लहरींना फारशी विखरत नाही. पाणीही काळं येतं, ते हा प्रकाश पिऊन टाकतं म्हणून.

खर्च करण्याआधी टीव्हीचा रिमोट घ्या. खोलीत अंधार करून तो कॅमेऱ्याच्या लेन्ससमोर धरा, बटण दाबा आणि मागच्या पडद्यावर बघा. टोकाशी ठळक ठिपका चमकला तर पहारेकरी पेंगतोय, काम होईल. अगदीच मिणमिणता दिसला किंवा दिसलाच नाही तर पहारा कडक आहे. पण या परीक्षेवर सगळी भिस्त ठेवू नका. रिमोटचा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो आणि आपल्याला काम करायचंय ७२० च्या आसपास. तिथे पास झालेला कॅमेरा इथे गटांगळ्या खाऊ शकतो.

फिल्टरवरचा आकडा सांगतो की साधारण कुठून पुढचा प्रकाश आत सोडायचा. होयाचा आर७२ हा ७२० चा, बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. ८५० चा घेतला तर फोटो नाट्यमय येतो, पण रंगाच्या नावाने शंख. याचं कारण सेन्सरवरच्या लाल, हिरव्या, निळ्या टिकल्यांमध्ये आहे. त्यांची रंगद्रव्यं ८०० च्या पुढे जवळपास सारखीच पारदर्शक होतात. तिन्ही टिकल्या एकच गोष्ट सांगायला लागल्या की रंग कुठून आणायचा? निघतं ते कृष्णधवल. रंग हवा तर थोडा दृश्य लाल प्रकाश झिरपायला हवा, म्हणजे ७२० किंवा त्याच्या खालचा फिल्टर. ५९० चा लावला तर पानं सोनेरी करता येतात, पण तो कॅमेऱ्यातून पहारेकरी काढून टाकल्यावरच कामाचा. साध्या कॅमेऱ्यावर तो नुसताच लाल-नारिंगी फिल्टर होऊन बसतो, कारण दृश्य लाल प्रकाश इन्फ्रारेडला दाबून टाकतो. फिल्टर घेताना सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या, समजा ७७ मिलिमीटर, आणि लहान लेन्सांना स्टेप-अप रिंगा, म्हणजे मोठा फिल्टर बसवून देणाऱ्या कड्या, लावा. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर घेण्याचा मोह आवरा.

आता साध्या कॅमेऱ्यावरचा प्रत्यक्ष सोहळा. आर७२ डोळ्याला जवळजवळ काळा दिसतो. तो लावल्यावर डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून बघणं म्हणजे बंद दरवाज्याकडे बघणं. म्हणून सगळी जुळवाजुळव आधी करायची. ट्रायपॉड रोवा, चौकट ठरवा, फोकस करा, लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवा आणि मग श्वास रोखून फिल्टर फिरवा. श्वास अशासाठी, की काही लेन्सांची फोकसची कडी पुढच्या टोकाला असते. फिल्टर फिरवता फिरवता ती दोन सूत हलते आणि आपल्याला घरी गेल्यावर कळतं. त्यात इन्फ्रारेडचा फोकस मुळातच दृश्य प्रकाशाच्या थोडा मागे पडतो. जुन्या लेन्सांवर यासाठी लाल ठिपका किंवा रेघ असायची: मिळालेलं अंतर नेहमीच्या खुणेवरून त्या लाल खुणेवर आणायचं. नव्या लेन्सांवर तो ठिपका बहुधा गायब. मग कडी किंचित जवळच्या अंतराकडे वळवायची आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ ठेवायचं. एफ/१६ पर्यंत जाऊ नका (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). लहर जितकी लांब तितकं विवर्तन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं, जास्त, सगळंच चित्र मऊ पडतं. मिररलेस किंवा लाइव्ह व्ह्यू असेल आणि ऊन कडक असेल तर फिल्टर लावूनच पडद्यावर मोठं करून फोकस करा. सेन्सर स्वतः बघून फोकस करतो तेव्हा हा घोळ होत नाही.

एक्स्पोजरचा, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं त्याचा, भाव ऐकून घ्या. भर उन्हात, एफ/८, आयएसओ ४०० वर १० ते ३० सेकंद ही काही अतिशयोक्ती नाही. पहारेकरी कडक असेल तर त्याहूनही जास्त. पहाऱ्याच्या फटीतून येईल तेवढ्यावर भागवायचं, म्हणजे दात कोरून पोट भरण्यातला प्रकार. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर इथे काहीच्या बाही सांगतो. मॅन्युअलवर २० सेकंदांनी सुरुवात करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघत पुढेमागे सरका. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावा. एकत्र आलेख सज्जनासारखा मधोमध बसलेला असतो आणि त्याच वेळी लाल चॅनल उजव्या भिंतीला डोकं आपटून फुटलेला असतो. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरची काच झाका, नाहीतर मागून शिरलेला प्रकाश तीस सेकंदांत चित्रावर पट्टे ओढतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवलंत तर तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ डोळे मिटून बसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. तो अंधाराचा फोटो काढून पहिल्यातून वजा करत असतो.

या तीस सेकंदांत वारा येतोच. सकाळपासून निपचित पडलेला वारा शटर उघडल्याचा आवाज ऐकूनच उठतो, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. पांढरी शुभ्र येणारी पानं मग पिंजलेल्या कापसासारखी येतात. काहींना ते आवडतं. ज्यांना आवडतं त्यांनी दोन फोटो काढून घरी जावं.

आणि मग फोटो पडद्यावर उमटतो: लालभडक, वीट घासून काढल्यासारखा. पी हळद हो गोरी अशा अपेक्षेने आलेला माणूस इथे खचतो आणि फिल्टर विकायला काढतो. घाबरू नका, हा लाल रंग व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं याच्या कॅमेऱ्यातल्या हिशेबाचा आहे. फिल्टर लावलेला ठेवून उन्हातलं हिरवं गवत चौकटभर घ्या आणि त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स नोंदवा. काही कॅमेरे ‘हे जमणार नाही’ असं सरळ कळवतात. तेव्हा एक्स्पोजर वाढवून पुन्हा प्रयत्न करा. फोटो मात्र रॉमध्येच, म्हणजे सेन्सरकडून आलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढा. जेपीईजीमध्ये लाल जळलं की जळलं.

पुढचा अडथळा संगणकावर. लाइटरूममध्ये रंगतापमानाची पट्टी २००० केल्विनला येऊन अडते आणि आपल्याला जायचं असतं त्याच्याही खाली. पट्टी टोकाला नेऊनही चित्र लालच राहतं. उपाय: अडोबीचं फुकट मिळणारं डीएनजी प्रोफाइल एडिटर घ्यायचं, आपला एक रॉ फोटो डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकारात बदलून त्यात उघडायचा, कलर मॅट्रिसेसच्या पानावर तापमानाची पट्टी थेट उणे १०० वर न्यायची आणि ते प्रोफाइल कॅमेऱ्याच्या नावाने जतन करायचं. ते लावलं की पट्टीला पुन्हा मोकळी जागा मिळते. हे एकदाच करायचं असतं. एवढं झंझट नको असेल तर कॅमेरा कंपनीचं स्वतःचं रॉ सॉफ्टवेअर वापरा. ते कॅमेऱ्यात नोंदवलेला गवताचा व्हाइट बॅलन्स बहुधा निमूटपणे मानतं.

आता पानं पांढुरकी झाली, आकाश मात्र तपकिरी, मळलेल्या पाण्यासारखं. इथे येते या उद्योगातली मला सगळ्यात आवडणारी पायरी: लाल आणि निळ्या चॅनलची अदलाबदल. चॅनल मिक्सर उघडा. लाल आउटपुटमध्ये लाल शून्य, निळा १००. निळ्या आउटपुटमध्ये निळा शून्य, लाल १००. हिरव्याला हात लावू नका. फोटोशॉपमध्ये होतं, फुकटच्या गिम्पमध्येही होतं. डोळ्यांदेखत तपकिरी आकाश निळं होतं आणि आपण उगाच खुर्चीत ताठ बसतो.

ही नुसती हातचलाखी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. निळ्या टिकलीचं दार ८०० च्या आसपासच नीट उघडतं, म्हणजे ती सर्वांत लांब लहरी टिपते. लाल टिकली त्याआधीच्या, आखूड लहरी टिपते. आकाशातून येतो त्यात आखूड लहरींचा वाटा जास्त, म्हणून ते लालसर. फाइलमध्ये गोष्ट उलटी भरलेली असते: आखूड लहरी लालमध्ये, लांब निळ्यामध्ये. अदलाबदल केल्यावर आखूड निळ्याकडे जातात, लांब लालकडे. उलटं होतं ते सुलट केलं, बाकी काही नाही. कोडॅकच्या एरोक्रोम फिल्ममध्ये तर इन्फ्रारेड सरळ लाल रंगातच उमटायचा आणि जंगलंच्या जंगलं किरमिजी व्हायची. ती फिल्म आता बनत नाही. ती पूर्ण अंधारात कॅमेऱ्यात घालावी लागायची, तेव्हा आपण व्हाइट बॅलन्सवरून फार कुरकुर करू नये.

सगळं जमलं तरी चित्राच्या मधोमध एक फिकट गोल भुतासारखा बसलेला दिसू शकतो. हा हॉटस्पॉट. लेन्सवरचे लेप दृश्य प्रकाशासाठी बेतलेले असतात. इन्फ्रारेड आतल्या आत परावर्तित होऊन मध्ये जमतो, आणि अ‍ॅपर्चर लहान केलं की तो गोल आणखी रेखीव होतो. लेन्सच्या किमतीचा आणि याचा काही संबंध नाही. महागडी लेन्स इथे तोंड काळं करते, म्हणजे पांढरं, आणि कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम लेन्स बाजी मारते. मोकळ्या आकाशाचे एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत पाच फोटो काढा, लगेच निकाल लागतो.

एवढ्या सगळ्यानंतर माणसाच्या मनात पहारेकऱ्यालाच काढून टाकायचा विचार येतो. काढल्यावर सुख आहे: एफ/८ला शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर येतं, हातात धरून फोटो निघतात, वाऱ्याला वाकुल्या दाखवता येतात. जागी साधी काच बसवली तर कॅमेरा सर्वदर्शी होतो आणि फिल्टर लेन्सवर बदलत राहता येतात. तिथेच इन्फ्रारेड फिल्टर बसवला तर व्ह्यूफाइंडर उजळ राहतो, पण निवड कायमची. नवी काच योग्य जाडीची लागते, नाहीतर फोकस हुकतो. हे घरी करणाऱ्यांना एकच सांगणं: फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या आसपास दबा धरून असू शकतात, आणि त्यांची ओळख स्क्रूड्रायव्हरने करून घेऊ नये. शिवाय आतल्या पातळ पट्ट्यांची जोडणी, सेन्सरवर बसलेला एकच धुळीचा कण आणि शेवटी हातात उरलेला एक स्क्रू. कॅमेरा जुना, जास्तीचा असावा आणि काम सराईत माणसाकडे द्यावं, हे माझं मत.

फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: बर्फ कधी पडला? दुसरा: मूळ फोटो बघू. मूळ फाइल उघडून द्यावी, तर ती विटेसारखी लाल. बघणारा गंभीर होतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘कॅमेरा एकदा दुरुस्तीला दाखवून घ्या.’ तो तिथूनच आलेला असतो.