फुकट आहे म्हणून कुणीही सुई टोचायची काय?

दवाखान्यातनं येऊन जेवलो, दुकानाचा हिशोब करायला बसलो, तरी डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला घेतलंय. लांब होणार आहे, वेळ असेल त्यांनी वाचा.

आमचा रविवारचा मोफत दवाखाना तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. डॉक्टर मंडळी स्वतःची सुट्टी मोडून येतात, माझं मेडिकल असल्यामुळं औषधांच्या टेबलावर मी असतो, आणि बाकीची सगळी धावपळ पोरं करतात, एमबीबीएसची, नर्सिंगची, बी.फार्मची. केसपेपर लिहायचा, वजन करायचं, बीपी बघायचं, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत न्यायचं, औषध कसं घ्यायचं ते परत परत सांगायचं. आज त्यातल्या एका पोराचे वडील आले. पोरगं सेकंड इयर एमबीबीएसचं, गुणी आहे. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "नुसती नावंच लिहायला बसवताय होय त्याला? इंजेक्शनं देऊ द्या, रक्त काढू द्या, हात बसू दे की त्याचा." मी म्हटलं, इथं ते चालत नाही, डॉक्टर देऊ देणार नाहीत. तर म्हणतात, "अहो, फुकटात औषध घेणारा माणूस काय तक्रार करणार हाय?"

हे ते पेशंटांच्या रांगेसमोर उभं राहून बोलले. पोराची मान खाली. रांगेत ऊसतोडीच्या टोळीतली माणसं, दोन मोलकरणी, एक रिक्षावाले काका, सगळ्यांनी ऐकलं असणार.

म्हणजे पैसे देणाऱ्याला अनुभवी हात आणि ज्याच्याकडं नाहीत त्याच्या दंडावर सराव? ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ पासून गोरगरिबांच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्या बोर्डिंगांत राहून ज्यांचे आजे-पणजे शिकले, त्या गावात हे ऐकायचं?

कुठंतरी पहिली सुई टोचायलाच लागते, हे मान्य. पण ती कॉलेजच्या वॉर्डात, शिकवणारा शेजारी उभा असताना आणि पेशंटला विचारून. आमच्याकडं साधी शुगर तपासायची तरी त्या पोराचे हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेले लागतात, आणि ते सहा महिन्यांत पुरे होतात, चार दिवसांत नाही. प्रत्येकाला नवी लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची बारीक सुई. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही, थेट पांढऱ्या डब्यात टाकायची, कारण टोपण लावतानाच बोटाला टोचते आणि मग एचआयव्ही, हिपॅटायटिसच्या तपासण्या करत हिंडायचं त्या लेकरानंच. त्या वडिलांना आपल्याच पोराची एवढी तरी काळजी पाहिजे होती.

आणि "नुसती नावं लिहायला" म्हणजे काय हो? ती नर्सिंगची पोरगी मला रोज आठवते, तिचं सांगतो. गारगोटीकडची, हॉस्टेलवर राहणारी, बोलायला अगदी कमी. तिला नोंदणीच्या टेबलावर बसवली होती. गेल्या हंगामात बीडकडनं आलेल्या टोळीतली एक मावशी आली, फडात सकाळी चक्कर येते, दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात म्हणून. बरोबरच्या बायका म्हणाल्या, उपाशी काम करती, ऊन लागतं, अशक्तपणा आहे, ताकदीची बाटली द्या. आपण कुणीही तेच म्हटलं असतं. ही पोरगी केसपेपर लिहिता लिहिता म्हणाली, "मावशी, औषधाची पिशवी आणलीय का? दाखवा की."

पिशवीत दोन पट्ट्या निघाल्या. एक गावाकडच्या डॉक्टरनं दिलेली, एक इकडं आल्यावर कुठल्यातरी दवाखान्यातनं घेतलेली. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा. मावशीला वाचता येत नाही, ती बिचारी दोन्ही घेत होती, दोन डॉक्टरांनी दिल्यात म्हणजे दोन्ही लागत असणार म्हणून. पोरीनं पट्ट्या उलट्या केल्या, मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडं धावत आली. दोन्हीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, म्हणजे शुगर कमी करायची औषधं. एकच औषध दुप्पट चाललेलं, त्यात पहाटे न खाता गोळी घेऊन फडात जायचं. शुगर बघितली तर ५८, म्हणजे फारच खाली. लगेच साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरांनी एक पट्टी बंद केली, दुसरी जेवणाबरोबरच घ्यायची म्हणून सांगितलं.

कोयता हातात असताना फडात शुद्ध हरपली असती तर? मला विचार करवत नाही.

आता सांगा, ह्यात सुई कुठं होती? इंजेक्शन कुठं होतं? फक्त एका पोरीनं एका बाईची पिशवी उघडून बघितली. डॉक्टरांसमोर तीस-चाळीस पेशंट असतात, त्यांना प्रत्येकाची पिशवी उपसायला वेळ कुठला. तो वेळ पोरांकडं असतो, आणि माणसंही पोरांशी जास्त मोकळं बोलतात. डॉक्टरला "गोळ्या घेतोय साहेब" म्हणणारा आजोबा पोराला खरं सांगतो, की पैसे संपले म्हणून दिवसाआड घेतोय.

आमच्यासारख्यांचं सोडा, हल्ली एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच पोरांना गावातली कुटुंबं दत्तक दिलीत, घरी जाऊन, त्याच त्याच माणसांना परत परत भेटून शिकायचं म्हणून. ज्यांनी हे ठरवलं त्यांना काहीतरी कळत असणार ना?

दुसरा राग आहे तो बॅनरवाल्यांवर, आता सुरू झालोय तर तोही काढतो. गाडी भरून पोरं येतात, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टीशर्ट, बॅनर लावायचा, बीपी बघताना फोटो, दुपारी पुलाव, की गेले. चालत आलेल्या म्हाताऱ्याला पाच मिनिटं टेकू न देता, स्पीकर चालू असताना बीपी बघितलं तर ते वाढलेलंच येणार. मग चिठ्ठीवर १६० लिहून हातात देतात आणि म्हणतात, डॉक्टरांना दाखवा. कुठल्या डॉक्टरांना? तो तुमच्याकडंच आला होता ना दाखवायला? बीपी-शुगर हे आयुष्यभराचं दुखणं, तिथं महिन्या-महिन्याला तोच चेहरा दिसायला लागतो. अशा शिबिरात एखाद्याचं दुखणं पहिल्यांदा कळतं हेही खरं, नाही म्हणत नाही. पण पुढं कोण बघतंय त्याच्याकडं?

ती मावशी पुढच्या वेळी आली तेव्हा डॉक्टरांच्या आधी तिनं विचारलं, "पिशवी बघणारी पोरगी कुठाय?" पोरगी होतीच, परीक्षेचे दिवस सोडले तर ती कधी चुकली नाही. तिनं औषधाच्या पाकिटांवर पेनानं चित्रं काढून दिली, सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि भाकरी, रात्रीच्यावर चंद्र आणि भाकरी. मावशीला पायात काटा रुतलेला कळत नाही हेही हिनंच विचारून काढलं. शुगरवाल्यांचे पाय असे बधिर होतात आणि ही बाई पाचटात अनवाणी हिंडत होती. आम्ही दुकानदारांनी मिळून बूट घेऊन दिले.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या वडिलांचंही कळतं मला. पीजीची सीट मिळवायची म्हणजे पोरांचं रक्त आटतं, बापाला वाटतं माझं पोरगं मागं पडायला नको. पण ते गेल्यावर पोरगं गप जाऊन परत रजिस्टर घेऊन बसलं, आणि शेवटच्या म्हाताऱ्याला रिक्षात बसवूनच घरी गेलं. त्या पोराची मला अजिबात काळजी नाही. २०१९ च्या महापुरात अशीच पोरं बघितलीत. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेलेली, आणि ही लेकरं निवारा केंद्रांत चिखलातनं फिरून लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातनं होणाऱ्या तापाच्या गोळ्या वाटत होती, जखमा धूत होती. २०२१ ला परत तेच. सर्टिफिकेटचं नाव एकानंही काढलं नव्हतं.

तर कामाचं बोलतो. टोळ्या यायला लागल्यात, पुढच्या रविवारपासून दवाखान्यानंतर खोप्यांवरही जायचंय. पोरं हवीत. निपाणी-चिक्कोडीकडनं येणाऱ्या आज्यांसाठी कन्नड बोलणारं कुणी असेल तर फारच बरं. मेडिकलचंच पाहिजे असं नाही, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही भरपूर काम आहे. अट एकच, निदान हंगाम संपेपर्यंत यायचं. सर्टिफिकेट मिळेल, पण त्यावर जे काम केलंय तेच लिहिलं जाईल. मेडिकल-नर्सिंगवाल्यांनी येताना लसीचं कार्ड आणा. बाकीचं मेसेज करून विचारा, दुकान बंद केल्यावर सगळ्यांना उत्तर देतो.