‘60 पोलीस मंजूर, मग रात्री 60 का दिसत नाहीत?’ या फॉरवर्डचा हिशोब

हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, तोवर दुर्लक्ष केलं. पण गावाकडच्या काकांनी तो वाचून रात्री रस्ता अडवणाऱ्या पोरांची यादी करायला घेतली, तेव्हा मात्र उत्तर देणं भाग पडलं. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: 1 लाख लोकांमागे 222 पोलीस देणं संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार बंधनकारक आहे. ठाण्यात 60 मंजूर असतील तर रात्री 60 जण रस्त्यावर हवेत, नसतील तर बाकीचे बसून खातात. भरती झाली आहे, त्यामुळे कमतरता ही थाप. पोलीस पाटील हे पद गुपचूप बंद केलंय. म्हणून गावकऱ्यांनीच रस्ते अडवावेत आणि अनोळखी माणसाला सकाळपर्यंत बांधून ठेवावं, कलम 40 तसा अधिकार देतं.

शेवटापासून सुरुवात करू, कारण जीव तिथे जातात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 40 आहे, हे खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याने ते वाचलेलं नाही. सामान्य माणूस दुसऱ्याला पकडू शकतो ते दोनच प्रसंगी: समोरच्याने तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला तर, किंवा तो फरार घोषित गुन्हेगार असेल तर. ‘अनोळखी’, ‘भाषा वेगळी’, ‘गाडी दुसऱ्या जिल्ह्याची’ हे गुन्हे नाहीत. आणि पकडलंच तर विनाकारण वेळ न घालवता, फार तर 6 तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. ‘सकाळपर्यंत बांधून ठेवा’ हे कुठून आलं? उलट माणसाला बेकायदा अडवणं आणि डांबून ठेवणं हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 आणि 127 खाली गुन्हे आहेत. म्हणजे यादीतली पोरं आरोपी होणार.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं गेलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाने मारले. त्यातलं कुणीही चोर नव्हतं. पहारा द्यायचाच तर ठाण्याला कळवून, ग्रामसुरक्षा दलात नावं नोंदवून द्या. गाडीचा नंबर टिपा, 112 लावा, अंगाला हात लावू नका.

आता ते 60. इथे गणित चुकलंय, आणि तेही पाचवीचं.

एक जागा चोवीस तास भरायची तर आठवड्याचे 168 तास होतात. एक माणूस रोज 8 तास, आठवड्यातून 6 दिवस, म्हणजे 48 तास देतो. भागाकार साडेतीन. रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा धरल्या की एका खुर्चीमागे चार माणसं लागतात. ठाण्यात तेवढी नसतात, म्हणून ड्युटी बारा तासांची होते.

उदाहरणादाखल 60 अंमलदार मंजूर असलेलं ठाणं घ्या, अधिकारी वेगळे. देशपातळीवर पाचातलं एक पद रिकामं असतं, म्हणून 12 वजा: 48. त्यातले 5 कागदावर इथले, पण ‘संलग्न’ म्हणून गुन्हे शाखेत, वाहतुकीत किंवा मुख्यालयात: 43. साप्ताहिक सुटीवर 6, रजा-प्रशिक्षण-आजारी 4: उरले 33. आता ठाण्याची बांधील कामं. ठाणे अंमलदार आणि मदतनीस दोन पाळ्यांत 4, चालक 4, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदीची संगणक यंत्रणा) 2, कोर्ट पैरवी 2, समन्स-वॉरंट 2, मुद्देमाल, बारनिशी (आवक-जावक), गोपनीय आणि गुन्हे कारकून प्रत्येकी 1. हे झाले 18. उरलेल्या 15 जणांत सगळी बीटं (गस्तीचे भाग), दिवस आणि रात्र. रात्री गाडीत एक-दोन आणि मोटारसायकलवर दोन जोड्या निघाल्या तरी नशीब. गणपतीचा किंवा निवडणुकीचा बंदोबस्त लागला की त्याही जातात.

बसून खाणारे एखाद-दोन असतीलही, कुठल्या खात्यात नसतात? पण पोलीस संशोधन आणि विकास विभागाचा (बीपीआरडी) 2014 चा अभ्यास वाचा. ठाण्यातले जवळजवळ 90 टक्के कर्मचारी रोज 8 तासांहून जास्त काम करतात, आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुटी धड मिळत नाही. आठ तासांची पाळी द्यायची तर ठाण्याचं मंजूर बळ सरासरी 1.68 पट हवं, असा निष्कर्ष निघाला. मंजूर बळ, हजर नव्हे! मुंबईत मे 2016 मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांचा प्रयोग सुरू झाला, तोही एका पोलीस शिपायाने आकडेमोड करून मांडलेल्या आराखड्यावरून.

222 बद्दल: संयुक्त राष्ट्रांनी असा कोणताही बंधनकारक आकडा भारताला घालून दिलेला नाही. पोलीस हा राज्यांच्या यादीतला विषय आहे. कमतरता मात्र खरी, एवढं मान्य करावंच लागेल. 1 जानेवारी 2020 ला देशात लाख लोकांमागे मंजूर 195 आणि प्रत्यक्ष 156 च्या आसपास पोलीस होते, 5.31 लाख पदं रिकामी होती. शिवाय त्या 156 मध्ये राज्यांची सशस्त्र पोलीस दलंही मोजलेली आहेत, ती तुमच्या गल्लीत येत नाहीत.

भरती म्हणजे हजेरी नव्हे. मैदानी, लेखी, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी, मग प्रशिक्षण, आणि तोवर इकडे निवृत्ती चालूच.

पोलीस पाटील पद बंद झालेलं नाही. 1967 चा ग्राम पोलीस अधिनियम लागू आहे आणि 2024 मध्ये मानधन 6,500 वरून 15,000 रुपये झालं. गावात पद रिकामं असेल तर प्रांत कार्यालयात विचारा, नेमणूक तिथून होते.

खरंच जाणून घ्यायचं असेल तर माहितीचा अधिकार वापरा: 10 रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे ठाण्याची पदनिहाय संख्या चार रकान्यांत मागा: मंजूर, भरलेली, प्रत्यक्ष हजर, अन्यत्र संलग्न. गस्तीच्या वेळा आणि नावं मागू नका, ती नाकारली जातात आणि अर्ज रेंगाळतो. चौथा रकाना मागितला नाही, तर संलग्न माणसं तुमच्याच ठाण्यात ‘भरलेली’ म्हणून दिसतील.