फोन बोलतो म्हणून ब्रेल संपली?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: ‘आता मोबाइलच अंधांचे डोळे! कॅमेरा वाट सांगतो, नोटा ओळखतो, सगळं घरबसल्या वाचता येतं. ब्रेल, पांढरी काठी, अंधांच्या संस्था, सगळं कालबाह्य. देणगी द्यायचीच तर स्मार्टफोन द्या.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. दृष्टिहीन मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला मी दर आठवड्याला जाते, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘ब्रेल कालबाह्य.’ फोनला ‘दिन’ आणि ‘दीन’ वाचायला लावा. कानाला दोन्ही सारखेच. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर सहा उठावाच्या ठिपक्यांच्या जागांतून बनतं: ऱ्हस्व इ म्हणजे दुसरा आणि चौथा ठिपका, दीर्घ ई म्हणजे तिसरा आणि पाचवा. बोटाला फरक लगेच कळतो. नुसतं ऐकून शिकलेल्या एका मुलाला मी ‘पश्चात्ताप’मध्ये त किती, असं विचारलं. म्हणाला, ‘ताई, हा शब्द मी फक्त ऐकलाय, वाचलाच नाहीये.’ (डोळसांपैकी किती जण दोन त लिहितात हा भाग वेगळा.) गणितात अपूर्णांकाखाली अपूर्णांक आला की ऐकणाऱ्याचा धागा सुटतोच. आणि ज्याला ऐकूही येत नाही त्याने काय करायचं? फोनला जोडायचा ब्रेल डिस्प्ले मिळतो, त्यावर ठिपके वर-खाली होतात. पण तो वाचायला ब्रेल यावी लागते.

‘काठी नको, कॅमेरा सांगतो.’ काठीचं टोक पाऊल पडायच्या जागी आधी पोचतं. उघडं गटार, सुटलेली फरशी, पायरी तिथेच तर असते. शिवाय रहदारीचा अंदाज कानाने घ्यायचा असतो. त्याच कानात फोन बडबडत राहिला तर रिक्षा ऐकू येणार कशी? आमच्याकडच्या फूटपाथवर अंधांना वाट दाखवणारी उंचवट्यांच्या पिवळ्या फरशांची पट्टी सरळ विजेच्या डीपीच्या पेटीवर जाऊन आदळते. तिथे काठीच वाचवते.

नोटा ओळखण्याच्या बाबतीत मात्र मेसेज बरोबर आहे. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असतं, पण नोट जुनी झाली की उठाव झिजतो. रिझर्व्ह बँकेचं 2020 मधलं ‘मनी’ अ‍ॅप नोट ओळखून किंमत सांगतं, इंटरनेट नसतानाही. अशी सोय हवीच.

‘सगळं घरबसल्या वाचता येतं.’ युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला अक्षर म्हणून कळेल अशा टायपिंगमध्ये असेल तर! स्कॅन केलेलं परिपत्रक फोनच्या लेखी नुसता फोटो. जुन्या डीटीपी फॉन्टमधलं मराठी पत्र उघडलं की फोन भलतीच इंग्रजी अक्षरं बडबडतो.

‘संस्था कशाला?’ मग हा फोन वापरायला शिकवतं कोण? एकदा टेकवलं की नाव ऐकू येतं, दोनदा टेकवलं की उघडतं, इथपासून सुरुवात असते. नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ही संस्था 1952 पासून आणि मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र 2003 पासून काम करतंय. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दृष्टिहीनांसाठी पुस्तकं सुगम रूपात, म्हणजे त्यांना वाचता-ऐकता येतील अशी, करायची मुभा मिळाली. पण स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकातली मोडलेली जोडाक्षरं दुरुस्त करायला माणूसच बसावा लागतो.

फोन जरूर द्या. आणि दहावीच्या परीक्षेला लेखनिक म्हणून, म्हणजे दृष्टिहीन मुलाने सांगितलेली उत्तरं लिहायला, खालच्या वर्गातलं मूल शोधताना दरवर्षी धावपळ होते. आपल्या तीन विंगांत मिळून नववीतली मुलं किती आहेत, तेवढं कुणीतरी ग्रुपवर टाका.