‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रुग्ण नव्हे

सिकलसेल हा लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या तपासणी शिबिरांत त्यासाठी पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्या आदिवासींना एका लेखात सरसकट ‘रुग्ण’ म्हटलंय. ते चूक आहे, आणि गावात घोळ होतो तो इथेच. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे रक्ताची झटपट प्राथमिक तपासणी, रक्तात एचबी-एस (या आजाराचं सदोष हिमोग्लोबिन) आहे एवढंच सांगते. माणूस वाहक (एएस, सदोष जनुक एकाच पालकाकडून) की रुग्ण (एसएस, दोघांकडून), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्या केल्यावरच कळतं. सहा महिन्यांखालच्या बाळावर तर सोल्युबिलिटी चाचणी करूच नये. गर्भातलं हिमोग्लोबिन अजून जास्त असल्याने ती निगेटिव्ह दिसू शकते. रक्त फारच कमी असेल तरी तेच. वाहकाला सहसा औषध लागत नाही, पण लग्नाआधी जोडीदाराची तपासणी हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के.

आणि स्थलांतराचं काय? हंगामात ही माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. निफाडची पहाटेची थंडी, पाणी कमी, अंगमेहनत. सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनेचा झटका यायला आणखी काय हवं? हायड्रॉक्सीयुरिया ही असे झटके कमी करणारी, रोज घ्यायची गोळी, ती मात्र गावच्या आरोग्य केंद्रातच राहते. निघतानाच पुरेशा गोळ्या द्या आणि गोळी चालू असताना लागणारी रक्तपेशींची तपासणी बागेजवळच्या केंद्राशी जोडून द्या.