दोन तासांची अट कोणासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

नाकाबंदीत अडवलेल्या वाहनचालकाच्या हक्कांविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. गेल्या वर्षी मद्यधुंद चालकाच्या धडकेत आपले मेहुणे गेले. ते दुःख सोसणाऱ्या घराला ‘असे लेख म्हणजे दारुड्यांना सुटकेच्या वाटा दाखवणे’ वाटावे, हे मी समजू शकतो. श्वासचाचणीला नकार देता येतो असे मी सुचवले, हा आपला दुसरा आक्षेप तर मला पूर्णपणे मान्य आहे. अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी न झाल्यास चालकाला कोठडीतून सोडण्याची अट ही पळवाट आहे, या आपल्या तिसऱ्या आक्षेपाकडे नंतर येतो.

ते वाक्य अर्धवट होते, आणि म्हणूनच घातक होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०३ नुसार, चालकाने मद्य घेतल्याचा वाजवी संशय असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी त्याला ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला सांगू शकतो. संशय कायम असताना चालकाने नकार दिला, तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. त्यानंतर ठाण्यात त्याच्याकडे रक्ताचा नमुना मागता येतो, आणि सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे खटल्यात त्याच्याच विरुद्ध धरता येतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २०(३) चे संरक्षण इथे कामी येत नाही, कारण ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या १९६१ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय तोंडी कबुली आणि शरीरापासून मिळणारा पुरावा यांत फरक करत आले आहे. ‘किती प्यालात?’ या प्रश्नावर आरोपी गप्प राहू शकतो, पण चाचणी टाळल्याचे परिणाम त्याला भोगावेच लागतात. मूळ लेखात मी ही दुरुस्ती आजच करत आहे.

आपण जिला पळवाट म्हणता, त्या दोन तासांच्या अटीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. कलम १८५ च्या, म्हणजे मद्य पिऊन वाहन चालवण्याच्या, गुन्ह्यासाठी कलम २०२ खाली अटक झाल्यास, दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. तशी झाली नाही तर चालकाला कोठडीतून सोडावे लागते. ही सुटका कोठडीतून असते, गुन्ह्यातून नव्हे. कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम मद्याची आहे, आणि रक्तातले मद्य तासागणिक कमी होत जाते. म्हणजे डॉक्टरकडे नेण्यात झालेली दिरंगाई पथ्यावर पडते ती प्यालेल्या चालकाच्याच. १९७१ मध्ये ‘बचूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोंडाचा वास, अडखळती चाल आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून नशा सिद्ध झाल्याचे मानले नाही. रक्त तपासलेलेच नव्हते. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याचे आरोप झाले, तेव्हा शहर संतापले ते याच कारणाने. नमुना कधी घेतला, कोणी घेतला, सील कोणासमोर झाले, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार चालकाच्या वकिलाला जितका हवा, तितकाच मृताच्या नातेवाइकांनाही हवा.

अटकेचे कारण आणि जामिनाचा हक्क सांगितला जाणे, नातेवाइकाला कळवले जाणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले जाणे, या बाबी साऱ्याच अटकांना लागू आहेत, म्हणून त्यांवर इथे अधिक लिहीत नाही. एक गोष्ट मात्र लोकांना खरोखर ठाऊक नसते. कलम १८५ चा गुन्हा जागेवर दंड भरून मिटत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि ती न्यायालयच देते. रस्त्यावर रोख पैसे घेऊन कोणी ‘मिटवून’ देत असेल, तर तिथे पुढच्या अपघाताची तयारी होत असते, आणि हे चालकाला माहीत असणे आपल्याही हिताचे आहे.

आपल्या मेहुण्यांच्या प्रकरणाचा तपास अद्याप चालू असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी तपास व खटल्यांच्या प्रक्रियेचा कायदा) कलम १९३ नुसार नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. धडक किती वाजता झाली आणि रक्त किती वाजता घेतले, या दोन वेळा तपास अधिकाऱ्यांकडे लेखी मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.